चार आवरणे आणि एक फूट माती



शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही चार शब्द पाठ केले असतील. शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण. गुरुजींनी विचारले की घडाघडा म्हणावयाचे आणि परीक्षा झाली की विसरावयाचे, असेच बहुतेकांचे झाले. आज तुमची मुले तेच चार शब्द पाठ करीत आहेत. शब्द मोठे आहेत खरे. पण त्यांत सांगितलेली गोष्ट तुम्ही रोज पायाखाली तुडवता आणि हाताने उचलता. म्हणून पुस्तक जरा बाजूला ठेवू आणि शिवारात जाऊ.

शिवार कोणते घ्यावयाचे? ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात दिघाशी नावाचे गाव आहे. सारा भाताचा मुलूख. याच तालुक्यात एका अंगाला वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम पाण्याचे झरे आहेत, दुसऱ्या अंगाला यंत्रमागांचे शहर आहे, आणि मध्ये गोदामे व वीटभट्ट्या पसरत चालल्या आहेत. दिघाशीचे एखादे खाचर घेऊ. तुमचे गाव चिपळूणकडे असो की पेणकडे, गोष्ट फारशी बदलणार नाही.

मे महिना सरत आला आहे असे समजा. खाचर तापून भेगाळले आहे. हवामान खात्याच्या २०२० साली सुधारलेल्या तारखांप्रमाणे मुंबईला मॉन्सून पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे अजून थोडी सवड आहे. कुदळ-फावडे घ्या आणि खाचराच्या कोपऱ्यात खड्डा खणायला लागा.

पहिली वीतभर माती मोकळी. तिच्यात भाताची जुनी धसकटे, मुळ्या, कुठे एखादे गांडूळ. वीतभर खाली गेले की कुदळ अडते. हा दगड नव्हे. वर्षानुवर्षे चिखलणी करून, पूर्वी बैलांच्या खुरांखाली आणि आता पॉवर टिलरखाली दबून झालेला तो घट्ट थर आहे. खाचरात पाणी उभे राहते ते याच्याच जिवावर. त्याखाली पुन्हा माती, मग मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. कुठे कातळ चार हातांवर लागतो, कुठे दोन पुरुषांवर, आणि माळावर तर तो उघडाच पडलेला असतो. विहीर खणणाऱ्याला हा क्रम तोंडपाठ असतो. तो कधी शाळेत गेला नसला तरी शिलावरणाचा पहिला धडा त्याच्याकडून घ्यावा.

पायाखालचा काळा पाषाण

हा काळा कातळ म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला तप्त रस जमिनीच्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा लोट आला, तिसरा आला, थरावर थर बसले. माहुलीच्या डोंगराकडे किंवा माळशेज घाटाच्या कड्यांकडे पाहिलेत तर डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात, त्या या थरांच्या. आपला बहुतेक महाराष्ट्र याच दगडावर बसलेला आहे. कोयनेजवळ गोठणे येथे शास्त्रज्ञांनी २०१७ साली ३ किलोमीटर खोल भोक पाडले. तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत हाच काळा दगड लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट निघाला.

तीन किलोमीटर म्हणजे फार खोल वाटते. पण पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर आहे ६,३७१ किलोमीटर. दगडाचे कवच खंडांखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड. शास्त्रज्ञ त्यात खालचा थोडा कडक भागही धरतात आणि मग शिलावरणाची जाडी शंभर किलोमीटरच्या घरात जाते. पण आपण कवचापुरतेच बोलू. पृथ्वी २५ सेंटिमीटर जाडीच्या गोल कलिंगडाएवढी मानली, तर हे कवच जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरते. कलिंगडाची साल त्याहून कितीतरी जाड असते. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास. कलिंगडावर ती एखाद्या पातळ कागदाएवढी. आणि ज्या हवेत ढग होतात, वारे वाहतात, पाऊस पडतो ती आपल्या भागात १६-१७ किलोमीटर उंचीची हवा, कलिंगडावर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आपले सारे घरदार, गुरेढोरे, शेतीभाती एवढ्यातच.

खड्डा तसाच उघडा ठेवून जरा वज्रेश्वरीला जाऊन येऊ. तेथले देऊळ चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर बांधविले हे तुम्हाला ठाऊक असेलच. जवळच अकलोलीला आणि गणेशपुरीला, तानसा नदीच्या काठाला व पात्रात गरम पाण्याचे झरे आहेत. काही झऱ्यांचे पाणी ५० अंशांच्या घरात जाते. देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजेच हे ऊन पाणी, अशी भाविकांची कथा आहे. ती कथा तिच्या जागी राहो. पण दुसरा एक समज आहे, तो मात्र काढून टाकायला हवा. खाली ज्वालामुखी धुमसतो आहे म्हणून पाणी तापते, असे पुष्कळजण सांगतात. तसे नाही. आपल्या भागातले ज्वालामुखी केव्हाच शांत झाले. हे पाणी पावसाचेच आहे. डोंगरावर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून खोल उतरतो. जमिनीत दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तेथे तापून तेच पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. पालघरकडे सातिवली, कोकनेर, मग रायगडात उन्हेरे आणि साव, रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, राजवाडी आणि राजापूर अशी या झऱ्यांची रांगच किनाऱ्याला धरून गेली आहे. दगडातली भेग कुठून कशी जाते, हे जणू या रांगेने वरून आखून दाखविले आहे.

म्हणजे पाहा, शिलावरण आणि जलावरण हे शब्द पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. वज्रेश्वरीला ते एकाच कुंडात बसलेले आहेत.

आणि दगड निपचित आहे असेही समजू नका. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. १९८३ साली भातसा धरणाच्या परिसरात, खर्डीकडे, धक्के बसत होते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोकांनी कित्येक थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. कोयना आणि भातसा येथे धरणात साठलेल्या पाण्याशी या धक्क्यांचा संबंध लावला जातो. पुन्हा तेच, पाणी आणि दगड.

एक एकराला एक कोटी लिटर

आता पाण्याकडे वळू. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याने झाकलेला आहे. पण शंभर घागरी पाणी असेल तर त्यांतल्या सुमारे ९७ घागरी खाऱ्या. उरलेल्या तिनांतले बहुतेक बर्फात थिजलेले किंवा जमिनीच्या पोटात. नद्या, ओढे, तळी मिळून घागर सोडाच, तांब्याच्या तळाशी राहील एवढेच.

हे ऐकून दिघाशीचा शेतकरी हसेल. पावसाळ्यात त्याला पाण्याची कमतरता कधीच भासत नाही. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ४,०४७ लिटर पाणी पडले. कोकणात चांगल्या वर्षी २,५०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर चार महिन्यांत एक कोटी लिटरच्या वर पाणी पडते. एक कोटी! आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच एकराच्या मालकिणीला डोक्यावर हंडा घेऊन लांब जावे लागते.

असे का होते? पहिले कारण तोच काळा कातळ. वाळूत किंवा गाळात जसे पाणी मुरते तसे अखंड बसाल्टात मुरत नाही. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मावेल तेवढेच राहते. बाकीचे ओढ्याने नदीला, नदीने खाडीला. दुसरे कारण तुम्हाला माहीत आहे, पण ते बोलून दाखवायला हवे. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्याला भूगोलाचे कोणतेही आवरण कारण नाही.

पण या एक कोटी लिटरांतला एक वाटा खाडीला जात नाही. तो तुमच्या मातीत राहतो. भारी, कसदार मातीचा एक फूट जाडीचा थर, एका एकरात, पिकाला घेता येईल असे सुमारे दोन लाख लिटर पाणी धरून ठेवतो. दहा हजार लिटरचे वीस टँकर. भात कापल्यावर तुम्ही कडवे वाल टोकता किंवा हरभरा फेकता, त्याला पाणी कोण देते? मोट नाही, पंप नाही, पाट नाही. हेच वीस टँकर देतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

डोक्यावरची खताची कोठी

वातावरण दिसत नाही, म्हणून त्याला वजन नाही असे वाटते. समुद्रसपाटीला दर चौरस मीटरवर सुमारे १० टन हवा उभी आहे. म्हणजे एका एकरावर चाळीस हजार टनांच्या वर. या हवेत आकारमानाने ७८ टक्के नत्र आणि २१ टक्के प्राणवायू. वजनाने हिशेब केला तर तुमच्या प्रत्येक एकराच्या डोक्यावर ३१ हजार टनांच्या आसपास नत्र आहे.

आणि आपण काय करतो? यूरियाची ४५ किलोची गोणी आणतो. तिच्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. ते मिळावे म्हणून रांगेत उभे राहतो. डोक्यावर कोठी भरलेली आणि आपण पसाभर मागत हिंडतो, असा प्रकार. पण त्या कोठीला कुलूप आहे. हवेतला नत्र पिकाला जसाच्या तसा घेता येत नाही. कुलूप उघडणारे थोडेच. आकाशातली वीज थोडेफार उघडते. खताच्या कारखान्यात मोठ्या उष्णतेने आणि दाबाने ते उघडतात. आणि काही जिवाणू ते उघडतात, अगदी गुपचूप, तुमच्या बांधाच्या आत.

वालाचे रोप मुळासकट उपटून पाहा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर तेथे काम चालू आहे. भाताच्या उभ्या पाण्यावर येणारे निळे-हिरवे शेवाळही हेच काम करते. भाताच्या शेतात हे शेवाळ हवेतला नत्र धरते, हे १९३९ साली पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिले. चांगले वाढले तर एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र ते जमा करते असा अंदाज दिला जातो. शेवाळ दिसले की खाचर 'घाण' झाले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा ऐकून ठेवावा.

वातावरणाची दुसरीही बाजू आहे. आवणीच्या वेळी चिखलात पाय घातला की बुडबुडे येतात. उभ्या पाण्याखाली हवा पोचत नाही, तेथे वेगळ्या जातीचे जिवाणू कुजक्या काडीकचऱ्यावर जगतात आणि मिथेन सोडतात. गोबरगॅसच्या टाकीत होतो तोच हा वायू. तो हवेत उष्णता धरून ठेवतो. कोळसा आणि खनिज तेल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइडही तेच करतो, आणि त्याचा वाटा पुष्कळ मोठा. हवाई बेटावर १९५८ साली मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. भातशेतीवर सारा दोष टाकणे बरोबर नाही. पण खाचरात सतत पाणी कोंडण्याऐवजी मध्ये मध्ये निचरा होऊ दिला तर मिथेन कमी सुटतो. अर्थात ज्याला पाणी सोडणे-धरणे हातात आहे त्यानेच हे करावे. कोकणातल्या आषाढात खाचर कोरडे करा म्हणणाऱ्याने आधी आषाढात येऊन पाहावे.

ही चार नावे कोणी ठेवली

एडवर्ड स्यूस नावाचा ऑस्ट्रियाचा एक भूगर्भशास्त्रज्ञ होता. आल्प्स पर्वतावर त्याने १८७५ साली पुस्तक लिहिले. दगड, पाणी आणि हवा यांची आवरणे सांगताना त्याला वाटले, यांच्या जोडीला सजीवांचेही एक आवरण आहे. त्याने त्यालाही नाव दिले. आपण त्याला जीवावरण म्हणतो. पुढे व्लादिमीर व्हर्नाड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९२६ साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे असे की, जीवसृष्टी पृथ्वीवर नुसती राहत नाही. ती पृथ्वी घडविते. हवेतला प्राणवायू वनस्पतींनी सोडलेला. चुनखडीचे डोंगर समुद्रातल्या जीवांच्या शिंपल्यांचे. त्याच्याही आधी, १८८१ साली, चार्ल्स डार्विनने गांडुळांवर पुस्तक लिहून दाखविले होते की हा बिनहाडाचा प्राणी शेतच्या शेत हळूहळू उलथून टाकतो. आपल्याकडे गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणण्याची चाल आहे. मित्र कसला, तो तर गडी. आणि मजुरी मागत नाही.

आता आपल्या खड्ड्याकडे परत चला.

त्या पहिल्या वीत-दीड वीत मातीत काय आहे ते पुन्हा पाहा. तिचे कण काळ्या कातळाचे, हवा-पाण्याने कुजून भुसभुशीत झालेले. हे शिलावरण. कणांमधल्या बारीक पोकळ्यांत काही ठिकाणी पाणी, काही ठिकाणी हवा. हे जलावरण आणि वातावरण. आणि एका चमच्यात काही कोटींपासून अब्जापर्यंत जिवाणू, शिवाय बुरशी, मुंग्या, गांडुळे, मुळ्या. हे जीवावरण. चारही आवरणे एकमेकांत मिसळलेली सापडतात ती या वीत-दोन विती जाडीच्या पट्ट्यात. खाली गेलात तर कातळ, वर गेलात तर नुसती हवा. मधल्या एवढ्याशा थरावर भात पिकतो.

आणि तो होतो कसा? कातळापासून एक इंच माती व्हायला काही शेकडो वर्षे लागतात. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्याला तीनशे वर्षे होत आली. तेवढ्या काळात तुमच्या शिवारात नवी माती झाली असली तर एखादा इंच झाली असेल.

ब्रासच्या भावाने

हा लेख लिहावयाचे खरे कारण येथे आहे. भिवंडी-वाड्याच्या पट्ट्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. भट्टीला माती लागते आणि ती जवळपासच्या शेतांतून येते. व्यापारी येतो, खाचर पाहतो, एक फूट की दोन फूट ते ठरवतो, ब्रासचा भाव सांगतो आणि रोख मोजतो. सरकारदप्तरी अशा मातीचे नाव आहे 'गौण खनिज'. ती काढायला परवानगी लागते आणि स्वामित्वधन भरावे लागते. नियम ठीकच आहे. पण 'गौण' हा शब्द वाचला की मला दरवेळी थोडे अडखळायला होते.

हिशेब करून पाहू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एक फूट माती काढली की ४३५ ब्रास. वीट नऊ इंच लांब, चार इंच रुंद आणि तीन इंच उंच धरली तर एका एकराच्या एका फुटातून सात लाखांच्या जवळपास विटा निघतात. हिशेब ढोबळ आहे. विटेत तूस आणि राख मिसळतात, वाळताना ती आक्रसते. पण अंदाज यावा एवढा तो खरा आहे. आता ४३५ ला ब्रासच्या भावाने गुणा. आकडा लहान नसतो. मुलीचे लग्न, दवाखान्याचे बिल, घराची कौले, अशा वेळी तो आकडा समोर ठेवणाऱ्याला 'नको' म्हणणे सोपे नाही. भट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबेही त्यावरच चार-सहा महिने पोट भरतात. म्हणून विकणाऱ्याला शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही. फक्त बिलात जे लिहिलेले नसते तेवढे सांगतो.

त्या एका फुटाबरोबर दोन लाख लिटर पाण्याची टाकी जाते. पुढच्या वर्षी कापणीनंतर वाल टाकलेत तर ते पोसायला पाणी राहत नाही. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने झालेला घट्ट थर जातो, म्हणून खाचर पाणी धरीत नाही, मुरमातून गळते. गांडुळे, जिवाणू, सेंद्रिय कर्ब जवळजवळ सारा वरच्याच वीतभरात असतो. तोही ट्रकमध्ये चढतो. उरते ती कच्ची माती. तिच्यात भात येतो, नाही असे नाही. पण पिवळा येतो, आणि यूरियाच्या गोण्या वाढवाव्या लागतात. शिवाय तुमचे खाचर शेजाऱ्याच्या खाचरापेक्षा खाली जाते. मग पहिल्याच मोठ्या पावसात त्याचा बांध तुमच्याकडे ढासळतो. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिले आहेत. एक बांध माती विकल्याने फुटला तर दोष कोणाचा, हे ठरवायला पंचही कचरतात.

कधी माती काढणे भागच असते. खाचराचा एक कोपरा उंच आहे, पाणी चढत नाही, तो खाली घ्यावयाचा आहे. तेथे रीत अशी ठेवावी. आधी वरची वीतभर माती वेगळी खरवडून बांधाला ढीग घाला. मग खालची काढा, विका, काय ते करा. शेवटी ढीग परत पसरा. व्यापारी म्हणेल, वेळ जातो. जाऊ द्या. करार करताना ही अट बोलून आणि जमले तर लिहून घ्यावी. माती गेल्यावर बोलणे व्यर्थ.

ज्यांची गेली आहे त्यांनी काय करावे? कातळापासून माती करणे आपल्या हातात नाही, पण आहे त्या कच्च्या मातीत जीव भरणे हातात आहे. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावा. गावोगाव त्या फुकट मिळतात आणि लवकर वाढतात. हिरवा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडा. डॉ. नारायण सावंत यांनी सांगितलेल्या चारसूत्री भातशेतीत हे एक सूत्रच आहे. भाताच्या तुसाची राख, नियंत्रित लावणी आणि यूरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल खोचणे ही बाकीची सूत्रे. पालापाचोळा जाळून राब भाजण्याची आपली जुनी चाल आहे. त्याने तण मरते आणि रोप जोमाने येते हे खरे, पण जो काडीकचरा मातीत जायचा तो धुराने आकाशात जातो. कच्च्या झालेल्या शेताला हे परवडत नाही. तेथे राबाचा पाला कुजवून घालावा. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि नांगरट टाळून गादीवाफ्यांवर भात पेरण्याची पद्धत बसविली आहे. तिला सगुणा भात तंत्र म्हणतात. भाताची मुळे जमिनीतच कुजू देणे हा तिचा गाभा. सगळ्यांच्या खाचरात ती बसेलच असे नाही. सखल, तुंबणाऱ्या जागी मला स्वतःला शंका आहे. पण ज्यांची माती उथळ झाली आहे त्यांनी ती एकदा जाऊन पाहावी.

मुलांसाठी एक प्रयोग सांगून थांबतो. काचेचे दोन ग्लास पाण्याने भरून ओटीवर ठेवा. बांधावरच्या झाडाखालचे, कधी नांगर न लागलेले सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ एका ग्लासात अलगद सोडा. दुसऱ्यात माती काढलेल्या खाचरातले तेवढेच ढेकूळ सोडा. ग्लास हलवू नका. पाच मिनिटांनी पाहा. झाडाखालचे ढेकूळ बहुधा शाबूत असेल, त्यातून बारीक बुडबुडे येत असतील, ती त्याच्या पोकळ्यांतली हवा. दुसरे विरघळून तळाशी बसलेले असेल आणि पाणी गढूळ झाले असेल. मग तिसरा ग्लास भरा आणि तुमच्या स्वतःच्या खाचरातले ढेकूळ त्यात सोडा.